बेबाबाई हो म्हणेपर्यंत उचलू नये

मी, तोताराम कौतिक झोपे, वय अडुसष्ट पूर्ण, धंदा लोखंडी फॅब्रिकेशन व लेथकाम (दीड वर्षापासून बंद), मूळ तालुका रावेर, हल्ली मुक्काम पिंप्राळा, जळगाव, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डावा हात आणि डावा पाय अर्धांगवायूने गेला, कान चाळीस वर्षांच्या हातोड्याने गेले, पण लिहितो तो हात उजवा आहे आणि तो अजून माझे ऐकतो. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. आमच्या घरात दबाव टाकण्याचे खाते माझ्याकडेच होते. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते फाडून टाकले आहे. त्यात मी फारच भला माणूस दिसत होतो.

वकील अ‍ॅड. सविता तायडे यांनी मला बजावले आहे की मालमत्तेपुरतेच लिहा, बाकीचे मनात ठेवा. त्यांची फी मी देतो, म्हणून बाकीचेही लिहिणार आहे.

कलम १. पिंप्राळ्यातले राहते घर, वरच्या मजल्यासह, माझी मुलगी मोहिनी हिला मिळावे. ती धुळ्याला दिलेली आहे. घर तिच्या एकटीच्या नावावर चढवावे, जावयाचे नाव कुठेही लागू नये; माझा त्या माणसावर विश्वास नाही आणि त्याला ते ठाऊक आहे. मोहिनीला घर देतो ते मायेपोटी, असे तिने समजू नये. ती माझ्याशी भांडते, एवढेच तिचे पुण्य. माझा मुलगा चंदन पुण्याला असतो. तो कशालाच नाही म्हणत नाही आणि कशालाच येत नाही. मला झटका आला तेव्हा त्याने घरबसल्या चाकाची खुर्ची मागवली. ती आमच्या दारातून आत येत नाही. ती खुर्ची त्याला परत द्यावी.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या वाटाव्यात. कमीजास्त करून दोघांना एकमेकांत लावून द्यावे असा माझा बेत होता, पण सविताबाईंनी फार डोके खाल्ले.

कलम ३. माझी पत्नी कै. सुगंधाबाई हिचे दागिने मोहिनीला. सुगंधा अकरा वर्षांपूर्वी वारली. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी वर्कशॉपमध्ये गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल बसवत होतो. एकदा ती रिक्षा करून तिथे आली आणि म्हणाली, "मले एकदा बसू द्या ना तिच्यात." मी म्हणालो, रंग ओला आहे. रंग ओला नव्हता. ती स्टुलावर थोडा वेळ बसली आणि त्याच रिक्षाने परत गेली.

कलम ४. वर्कशॉपमधले लेथ मशीन, ड्रिल, दोन्ही वेल्डिंग सेट, गॅस कटर आणि सगळे पाने धुळ्याच्या आधार मिस्तरीला. त्याने माझ्यासाठी दोनदा गिअर चुकीचे कापले आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. शिव्या मात्र त्यानेच खाल्ल्या. आफ्रिकेहून गाडी परत आल्यावर ती धुवायला मी त्यालाच बोलावले होते. मागच्या डब्यातून बाहेर येऊन तो म्हणाला, "नाना, पत्रा आतून चेपला कसा?" मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने पुन्हा विचारले नाही, कोणाला सांगितलेही नाही. हत्यारे त्याला त्याबद्दल आहेत.

कलम ५. रेडा. हे माझ्या गाडीचे नाव. सरकारी कागदावर ती जुनी जीप आहे, कारण चासी मिलिटरीच्या लिलावातली आणि नंबर त्या चासीचा. बाकी सगळे मी आणि आधारने केले. इंजिन एका चेपलेल्या पिकअपचे, स्प्रिंगचे पाटे केळीच्या ट्रकचे, पुढच्या चाकांना ताकद पोचवायची जोडणी माझ्या डोक्यातली. चारही चाके ओढतात. सातपुड्याच्या नाल्यांतून मी ती गाळात रुतवून रुतवून पाहिली, कधी अडकली नाही. बांधायला नऊ वर्षे गेली आणि केलेले बदल मंजूर करून घ्यायला वर आणखी. मागे सामानाचा डबा आहे, दोन एमएम पत्र्याचा. धूळ नको म्हणून त्याला खिडकी ठेवली नाही. दार मागच्या बाजूला, कडी बाहेरून.

२०२२ साली ही गाडी मी कंटेनरमधून मोंबासाला नेली. तिथून केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया आणि खाली थेट आफ्रिकेच्या टोकापर्यंत चालवली. खानदेशातल्या कोणी घरी बांधलेली गाडी तिथे नेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सोबत माझा धाकटा भाऊ जीवराम होता. आधी चंदन येणार होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. जीवरामला मी विचारले नव्हते, सांगितले होते. तो रावेरहून एक पिशवी कपडे आणि दोन पिशव्या कळण्याच्या भाकरीचे पीठ घेऊन आला. जीवराम परत आला नाही.

रेडा मी जीवरामची बायको बेबाबाई हिला देतो. तिला गाडी चालवता येत नाही. तिने ती विकावी, भंगारात घालावी किंवा तिच्यात कोंबड्या पाळाव्यात. मात्र चावी हातात देण्याआधी खालचे कलम सहा तिला वाचून दाखवावे. मोहिनीने वाचावे, सगळे वाचावे. बेबाबाईला अक्षरओळख नाही म्हणून मधले चार शब्द गाळायचा शहाणपणा कोणी करू नये.

कलम ६. मला झटका आला त्या आठवड्यात बेबाबाई रावेरहून आली ती परत गेलीच नाही. तिला मूलबाळ नाही. केळी तिने बटाईने लावून दिली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन राहिली. भाकरी करते, कुस्करून भरवते, गोळ्या देते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी मला कुशीवर वळवते. सख्खी मुलगी इतके करत नाही. हे ती का करते तर जीवरामचे डोके शेवटच्या घटकेला माझ्या मांडीवर होते, असे मी तिला सांगितले आहे.

रोज संध्याकाळी भाकरी थापून झाली की ती दाराआडून मोठ्याने विचारते, "नाना, त्याहीनं शेवटले काय म्हटलं? पुन्हा सांगा ना." मी सांगतो. जीवराम पुढच्या सीटवर माझ्याशेजारी होता. म्हणाला, "भाऊ, तू थांबू नको. रेडा टोकापर्यंत ने." आणि म्हणाला, "बेबाले सांग, मी सुखात गेलो." हे दुसरे वाक्य मी गेल्या दिवाळीत घातले. त्या दिवशी तिने माझ्या ताटात तूप जास्त वाढले. दर अमावास्येला ती शेडमध्ये जाऊन रेड्याच्या पुढच्या डाव्या सीटवर जास्वंदीचे फूल ठेवते. मी खिडकीतून पाहतो. सीट चुकीची आहे.

खरे काय ते आता लिहितो.

आमच्या वडिलांनी केळीची जमीन जीवरामला दिली आणि मला जळगावला लेथवर धाडले. "याच्या हातानं केयी येत नही," असे ते चार पाहुण्यांसमोर म्हणाले. मी एकोणीस वर्षांचा होतो. जीवराम हसला नाही. उलट माझी पेटी डोक्यावर घेऊन तो रावेर स्टेशनपर्यंत आला, आणि मला वडिलांपेक्षा त्याचाच जास्त राग आला. तो राग मी सेहेचाळीस वर्षे नीट सांभाळला.

युगांडात डोंगराच्या उतारावर केळी आहे. नळ्या नाहीत, ठिबक नाही, आणि दोन पुरुष उंचीची झाडे. जीवराम चालत्या गाडीतून उतरायला निघाला. मी थांबवली, तर धावत जाऊन त्याने एका खोडाला मिठी मारली आणि रडला. तिथल्या शेतकरी बाईला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. तरी अर्ध्या तासात ती दोघे बांधावर बसून एकमेकांना खोडे दाखवत होती. निघताना तिने त्याला तीन कंद दिले. आमच्याकडे तशी रीत आहे: दुसऱ्याची केळी चांगली दिसली की कंद मागायचा, आणि मालकाने नाही म्हणायचे नाही. लावायचा कंद दुसऱ्या देशात न्यायला बंदी असते हे जीवरामच्या डोक्यात शिरणे शक्य नव्हते. मी सांगितले, टाकून दे. तो हो म्हणाला. त्याने ते ओल्या पोत्यात गुंडाळून पाण्याच्या कॅनखाली दडवले आणि आमच्या पिण्याच्या पाण्यातून रोज तांब्याभर शिंपडत राहिला.

झांबियात शिरताना तपासणीत ते सापडले. गाडी नऊ दिवस आवारात अडकून पडली. तिथला अधिकारी सभ्य माणूस होता, त्याने कंद एका पिंपात घालून जाळले, कायदाच तसा आहे. जीवराम त्याच्या बुटांवर डोके ठेवून म्हणत होता, "सायेब, त्याहीले कोंब फुटले. सायेब, पहा तं खरं." लोक हसत होते. माझ्या गाडीभोवती दोन युरोपियन फोटो काढत होते, ते आधी मला साहेब समजत होते, मग हा माझा भाऊ आहे हे त्यांना कळले.

गाडी सुटल्यावर मी जीवरामला सांगितले, "केबिनमध्ये बसायचे नाही. तुझी जागा मालात." तो डब्यात बसला. मी कडी लावली. हमरस्त्याने ल्युसाका हे राजधानीचे शहर दोन दिवसांत आले असते. मी मुद्दाम आतला, खडकाळ रस्ता धरला. रेडा कशासाठी बांधला होता मग? दुसऱ्या दिवशी जीवरामला ताप चढला. मी थर्मामीटर लावला, एकशे तीनच्या वर होता. दोन गोळ्या दिल्या, पाणी दिले आणि पुन्हा कडी लावली. तो "भाऊ, पुढं बसू दे," म्हणाला. मी गाडी सुरू केली. तिसऱ्या दिवशी तो काही म्हणाला नाही.

रावेरला केळीच्या ट्रकवर मागे बसलेला हमाल केबिनवर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आम्ही दोघे भाऊ लहानपणापासून त्या ट्रकांवर वाढलो. चौथ्या दिवशी दुपारी मागून एक थाप आली. कानाला नाही, पाठीला कळली, कारण माझी सीट डब्याच्या पत्र्याला टेकलेली आहे. जॅकच्या दांड्याने मारली होती. मी मनाशी ठरवले होते की शंभर किलोमीटर झाल्याशिवाय थांबायचे नाही, आणि साठ राहिले होते. पुन्हा एक आली. मी मोजत गेलो. अकरा आल्या. प्रत्येक सुटी, मध्ये वेळ सोडून, दोनची समजूत होऊ नये अशी बेताने मारलेली. बारावीची मी वाट पाहिली, ती आली नाही. तेव्हा मला बरे वाटले. "जिरली," असे मी मोठ्याने म्हणालो. त्यानंतर एकेचाळीस किलोमीटर चालवली, मग उतरून कडी काढली.

तो पत्र्यापासून सरकत सरकत दारापर्यंत आला होता आणि दाराकडे तोंड करून बसला होता. अंग अजून तापलेले होते.

ल्युसाकात राहणाऱ्या गुजराती मंडळींनी अंत्यविधी रीतसर केला. पोलिसांना आणि डॉक्टरांना मी ताप सांगितला. ताप होताच. अस्थी स्टीलच्या डब्यात भरून मी गाडी परत फिरवली नाही, पुढे नेली, दोन आठवडे आणखी, टोकापर्यंत. समुद्राशेजारी रेड्यासमोर काढलेला माझा फोटो दिवाणखान्यात लावला आहे. जळगावात माझा सत्कार झाला. भावाची शेवटची इच्छा पुरी करणारा माणूस म्हणून मला शाल दिली, तेव्हा बेबाबाई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. फोटोत मी हसतो आहे ते खोटे नाही. मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला होता.

हे जिवंतपणी का सांगितले नाही, तर सांगितले असते तर ती निघून गेली असती आणि मला कुशीवर कोणी वळवले नसते. पश्चात्ताप झालेला नाही असे लिहायला मी बसलो होतो. ते खरे नाही. झाला आहे. पण भाकरी सोडावी इतका झाला नाही.

कलम ७. मी मेल्यावर प्रेत अंगणात ठेवावे. कलम सहा बेबाबाईला तिथेच वाचून दाखवावे. तिने स्वतःच्या तोंडाने "उचला" म्हटल्याशिवाय मला उचलू नये. ती नाही म्हणाली तर महानगरपालिकेला फोन करून बेवारस म्हणून नेण्याची विनंती करावी. ती गप्प राहिली तर थांबावे. शेजारी प्रेमराज याला अंत्ययात्रा लवकर आटोपायची फार घाई असते, त्याने या वेळी घाई करू नये. मोहिनी म्हणेल, बाबा, मेल्यावरसुद्धा त्या बाईच्या डोक्यावर तुम्ही तुमचेच ओझे ठेवता. बरोबर आहे, ठेवतो.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मी ते ऐकले, समजलो, आणि खालील साक्षीदारांसमोर उजव्या हाताने सही केली.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५
(सही) तोताराम कौतिक झोपे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. राकेश सुपडू भंगाळे, जळगाव
२. (सही) प्रेमराज दगडू वारके, पिंप्राळा

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून मी, तोताराम कौतिक झोपे, ही पुरवणी लिहितो. डोके अजून ठिकाणावर आहे. नवा दाखला जोडला आहे.

सही करण्याआधी मजकूर मला वाचून दाखवणे सविताबाईंना भाग होते. म्हणून त्या दिवशी मी बेबाबाईला भरताची वांगी आणायला बाजारात पाठवले. ती पायी जाते, भाव करते, दोन तास सहज लागतात. सविताबाई वाचू लागल्या. मला ऐकू येईना. त्या मोठ्याने वाचू लागल्या. तरी येईना, तेव्हा त्या उभ्या राहून ओरडून वाचू लागल्या. थापांचा आकडा मी त्यांना तीनदा म्हणायला लावला. माझेच लिहिलेले नीट ऐकायची मला हौस होती. सही झाली आणि प्रेमराजने दार उघडले, तर बाहेर बेबाबाई वांगी घेऊन उभी. उन्हामुळे ती रिक्षाने परत आली होती. केव्हापासून उभी होती कोणास ठाऊक. समोरच्या दुकानदाराने नंतर सांगितले, बराच वेळ उभी होती, त्याने बसायला स्टूल देऊ केले ते तिने घेतले नाही.

ती सरळ आत गेली, वांगी भाजली, भरीत केले, ताट आणले. लग्न होऊन आल्यापासून एकोणचाळीस वर्षे ही बाई माझ्यासमोर पदर कपाळापर्यंत ओढून येते, भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, यायची आमच्यात तीच रीत. त्या दिवशी पदर खांद्यावर होता. माझे जेवण होईपर्यंत ती समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटले, विष असेल. मी तरीही खाल्ले, कारण भूक लागली होती. विष नव्हते.

मला वाटले होते ती दुसऱ्या दिवशी जाईल. दुसऱ्या दिवशी तिने प्रेमराजकडून धुळ्याला फोन लावून घेतला. आधार आला. त्याने रेडा शेडमधून काढून माझ्या खिडकीसमोर उभा केला, मागची बाजू माझ्याकडे करून. गॅस कटरने डब्याची कडी कापली आणि दार उघडे ठेवून दिले. मी त्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की मला तो डबा आतपर्यंत दिसतो. उजव्या कुशीवर असलो तर भिंत दिसते, पण बेबाबाई मला आता उजवीकडे फार वेळ ठेवत नाही. फूल ती ठेवत नाही, सीटवर नाही आणि डब्यातही नाही.

बाकी सेवेत काही कमी नाही. गोळ्या घड्याळाप्रमाणे, दूध, अंडे, मालिश. माझे वजन वाढले. डॉ. भंगाळे तपासून म्हणाले, "नाना, अशी सेवा मिळाली तर दहा वर्षं तुम्हाला काही होत नाही." बेबाबाईने त्यांना चहा दिला आणि दहाची पंधरा होतील का असे विचारले.

ती आता मला काही विचारत नाही. संध्याकाळी भाकरी झाली की घर गप्प असते. मला ते सहन होत नाही. म्हणून मीच बोललो. पहिल्यांदा मी म्हणालो, "बेबाबाई, चुकलो." तिने पाण्याचा पेला माझ्या ओठांना लावला.

चावी देण्याआधी कलम सहा वाचून दाखवायचे आता कारण राहिले नाही, म्हणून ती अट रद्द करतो. गाडी तिचीच. सविताबाई म्हणाल्या, कलम सातही काढून टाका, पोरांना त्रास नको. मला पटले. खरे सांगायचे तर मला भीती वाटू लागली आहे. अंगणात पडून राहण्याची मला भीती वाटते, हे मी पूर्वी लिहिले नव्हते. मी बेबाबाईला बोलावून सांगितले की सातवे कलम खोडतो आहे, सविताबाई कागद घेऊन बसल्या आहेत.

ती म्हणाली, "खोडू नका. तेवढं माह्यं हाय."

मी म्हणालो, मग आत्ताच सांग, चौघांसमोर सांग, काय म्हणशील. उचला म्हणशील का नाही?

तिने माझी उशी सारखी केली, मला डाव्या कुशीवर वळवले आणि म्हणाली, "तुमी मरा तं खरं आधी, नाना. मंग सांगते."

सबब कलम सात जसेच्या तसे कायम.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५
(सही) तोताराम कौतिक झोपे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. राकेश सुपडू भंगाळे, जळगाव
२. (सही) प्रेमराज दगडू वारके, पिंप्राळा